विषमज्वर आणि स्वयंपाकघर

नांवापासूनच घोटाळा आहे. आयुर्वेदांतील विषमज्वर म्हणजे अनियमितपणें चढणारा-उतरणारा ताप. टायफॉइडास तें नांव मराठींत मागाहून चिकटलें. आंत्रज्वर म्हटल्यास रोगाचें घर तरी कळतें. याचा जंतु आंतड्यांतून रक्तांत शिरतो. बहुधा आठ-पंधरा दिवसांनीं ताप सुरू होऊन रोज थोडा थोडा चढत जातो. डोकें दुखतें, अन्नावरची वासना उडते, जिभेवर कीट सांचतें. कोणास जुलाब, तर कोणास मलावरोध. मलावरोध पाहून वडील मंडळी एरंडेल पाजूं जातात, हें मात्र घातक. कारण पुढें आंतड्यांस व्रण पडून तीं फुटण्याचें भय असतें.

दूषित अन्नपाण्यानें हा रोग पसरतो, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु बरा झालेला मनुष्यही तो पसरवूं शकतो! न्यूयॉर्कजवळ ऑयस्टर बे येथें १९०६ सालीं एका पेढीवाल्याच्या बिऱ्हाडांतील ११ पैकीं ६ माणसें आजारी पडलीं. जॉर्ज सोपर नांवाच्या आरोग्य-अभियंत्यानें छडा लावला, कीं स्वयंपाकीण मेरी मॅलन हिनें पूर्वीं जेथें काम केलें, त्यांतील बहुतेक घरीं हा ताप येऊन गेला होता. ती स्वतः ठणठणीत! शिजलेल्या अन्नांत जंतु मरत. पण तिच्या हातच्या, कच्चीं फळें घातलेल्या आइस्क्रीमला विस्तव कोठून लागणार? १९०७ मध्यें तिला अटकावून ठेवलें, १९१० मध्यें सोडलें. पुढें नांव बदलून ती एका इस्पितळांत रांधूं लागली. १९१५ मध्यें तेथें २५ जणांस ताप आला, दोघे दगावले. मग १९३८ मध्यें मरेपर्यंत ती एका बेटावरच राहिली. दुसरे असे वाहक मोकळे असतां या एकट्या बाईस जन्मठेप व्हावी, हें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं.

सोंवळ्याचा अभिमान आम्हीही जन्मभर बाळगला. परंतु कोशिंबीर चोंचविणाऱ्या हातांस शौचानंतर साबण लागला होता कीं नाहीं, हें सोंवळें विचारीत नाहीं. घरांत कोणास हा ताप आल्यास तो उतरतांच औषध सोडूं नये, आणि मलपरीक्षा होऊन डॉक्टरांचा निर्वाळा मिळेपर्यंत त्या व्यक्तीनें, मग ती थोरली सून असो वा आम्हांसारखा ताक घुसळणारा म्हातारा, चुलीपाशीं जाऊं नये. तिला कोणीं टाकून बोलूं नये. तोंवर पानें वाढण्यासही दुसऱ्यानेंच उभें राहावें.