नदीविना वाढलेले नगर

कुवेत हा पर्शियन आखाताच्या किनाऱ्यावरील एक लहान वाळवंटी देश आहे. तेथे वर्षाला सरासरी १०-१२ सेंटिमीटरच पाऊस पडतो आणि बारमाही वाहणारी एकही नदी नाही. पिण्याचे बहुतेक पाणी समुद्राच्या पाण्यातील क्षार काढून मिळवावे लागते. बेंगळूरु शहरात मात्र वर्षाला सरासरी ९० सेंटिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तरीही २०२३ मध्ये पाऊस कमी होताच २०२४ च्या उन्हाळ्यात तेथील हजारो कूपनलिका आटल्या. असे का झाले, हे समजण्यासाठी त्या शहराची भूरचना पाहू या.

बेंगळूरु दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले आहे. शहरातून उत्तर-दक्षिण असा एक उंचवटा जातो. छपराच्या आढ्यावरून पाणी दोन्ही बाजूंना ओघळावे, तसे येथील पावसाचे होते. पश्चिमेकडील पाणी वृषभावती व अर्कावती या नद्यांतून कावेरीला मिळते. पूर्वेकडील पाणी दक्षिण पिनाकिनीकडे जाते. अशा उंचवट्याला जलविभाजक म्हणतात. त्यावर लहान प्रवाह उगम पावतात; मोठी नदी तेथून वाहत नाही. जमिनीखाली ग्रॅनाइट व नाइस हे कठीण खडक आहेत. लालबागेत दिसणारा खडक सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वीचा आहे. अशा खडकात पाणी केवळ भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात साठते.

ही उणीव ओळखून पूर्वीच्या लोकांनी उतारांवर बांध घालून तळ्यांची साखळी उभारली. वरचे तळे भरले की जादा पाणी नाल्याने खालच्या तळ्यात जाई. काही पाणी जमिनीत मुरे. पुढे शहर वाढले आणि अनेक तळी बुजवली गेली. धर्मांबुधी तळ्याच्या जागी बसस्थानक झाले, तर संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव क्रीडांगण. पाणी दुरून आणणे भाग पडले. अर्कावतीवर १८९४ मध्ये हेसरघट्टा येथे आणि १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळी येथे जलाशय झाले. १९७४ पासून कावेरीचे पाणी येऊ लागले. ते सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून, जवळजवळ ५०० मीटर उंच चढवावे लागते. यासाठी प्रचंड वीज खर्च होते.

कुवेतला आपला पाऊस वाढवता येणार नाही. बेंगळूरुला मात्र पडणारा पाऊस अडवता येईल. त्यासाठी छपरावरील पाणी साठवणे, नाले मोकळे ठेवणे आणि उरलेली तळी जपणे आवश्यक आहे. तुमच्या गावचे पाणी कोणत्या नदीला मिळते आणि वाटेत कोठे अडते, याचा तुम्हीही शोध घ्या.