हिल्डेगार्डचं आजारपण

आता मार्गारेथे फॉन ट्रोटा यांच्या २००९च्या ‘व्हिजन’ या जर्मन चित्रपटाकडे वळू. बाराव्या शतकातली नन हिल्डेगार्ड सांगते, नन्ससाठी वेगळा मठ काढायचा देवाचा आदेश आहे. मठाधिपती कूनो नकार देतात. नन्सबरोबर त्यांनी आणलेली मालमत्ताही जाणार ना! मग हिल्डेगार्ड अंथरुणाला खिळते. परवानगी मिळाल्यावर बरी होते.

ढोंग? आपण चटकन ‘हो’ म्हणतो. पण ‘मला हवंय’ असं म्हणायची जिला सोयच नव्हती, तिला स्वतःची इच्छा आणि देवाचा आदेश वेगळे दिसत तरी असतील का? आम्हांला प्रश्न इथे आहे. पुढे, ११५१मध्ये, लाडकी रिचर्डिस दुसऱ्या मठाची प्रमुख व्हायला निघाली. हिल्डेगार्डनं देवाचं नाव घेऊन पोपपर्यंत दाद मागितली. या वेळी कुणी ऐकलं नाही. रिचर्डिस गेलीच.