नवरा सुधारला, हे कुणी सांगायचे?

‘संसार म्हटला की भांड्याला भांडे लागायचेच,’ असे म्हणून बायकोला मारणाऱ्या नवऱ्याकडे काणाडोळा करण्याची रीत जुनीच आहे. फार तर घरातले कुणी वडीलधारे म्हणतात, ‘चार शब्द समजावून सांगा, सुधारेल.’ पण समजावून सांगितल्याने तो खरोखर सुधारतो का? अमेरिकेत हा प्रश्न चक्क तपासून पाहिला गेला.

मिनेसोटा राज्यातील डुलुथ शहरात १९८० च्या दशकाच्या आरंभी एलन पेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मारकुट्या पुरुषांसाठी वर्ग सुरू केले. मारहाण रागाच्या भरात ‘होऊन जात’ नाही, बायकोला धाकात ठेवण्यासाठी ती केली जाते, हे त्या पुरुषांच्या गळी उतरवायचे, असा त्यामागचा विचार. न्यायालयांना ही वाट पटली. गुन्हा शाबीत झालेल्या नवऱ्यांना तुरुंगाऐवजी अशा वर्गांना धाडण्याची प्रथा देशभर पसरली.

वर्ग पूर्ण करणारे पुन्हा कमी मारतात, असे दिसू लागले. पण यात एक मेख होती. सहा महिने नेमाने वर्गाला येतो तो बहुधा नोकरीधंदा असलेला, अब्रूला जपणारा माणूस. तो वर्गाविनाही सावरला नसता कशावरून? म्हणून औषधाची परीक्षा घेतात तशी परीक्षा घ्यायचे ठरले. कुणी वर्गाला जायचे आणि कुणी नाही, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवायचे. ‘उपचारापासून कुणाला वंचित कसे ठेवायचे?’ असा आक्षेपही आला. पण उपचार लागू पडतो की नाही, तेच तर ठाऊक नव्हते.

फ्लोरिडातील ब्रॉवर्ड परगण्यात १९९७ साली ४०४ पुरुषांची अशी विभागणी झाली. साऱ्यांवर वर्षभर न्यायालयाची देखरेख होती. निम्म्यांना त्याशिवाय २६ आठवड्यांचा वर्ग. वर्षअखेर दोन्ही गटांतील २४ टक्के पुरुषांना पुन्हा अटक झालेली होती. फरक शून्य! न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनचा निकाल जरा निराळा लागला. तिथे ४० तासांचा तोच वर्ग काहींना २६ आठवड्यांत, तर काहींना आठच आठवड्यांत दिला गेला. उरलेल्यांना समाजसेवेचे काम. २६ आठवडेवाल्यांविरुद्ध नव्या तक्रारी कमी आल्या. पण बायकोविषयीचे त्यांचे विचार बदलल्याचे दिसले नाही. म्हणजे मन पालटले नव्हते. डोक्यावर न्यायालयाची नजर होती, तोवर हात आवरला गेला, एवढेच. पुढे २००४ साली २२ अभ्यास एकत्र पडताळले गेले, तेव्हाही वर्गांचा परिणाम अल्पच आढळला.

या आकड्यांतही एक पोकळी आहे. पोलिसांच्या दप्तरात नोंद होते ती फक्त तक्रारीची. घरात काय घडले, ते बायकोच सांगू शकते. आणि ब्रॉवर्डमधील बहुतेक बायकांची वर्षअखेरीस गाठच पडली नाही.

हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचा नाही. नवरा समुपदेशनाला जाऊ लागला की आश्रयगृहातली स्त्री घरी परतण्याची शक्यता पुष्कळ वाढते, असे अमेरिकेतच १९८० च्या दशकात दिसून आले होते. वर्गाच्या भरवशावर ती जीव पणाला लावते. तो भरवसा पोकळ निघाला, तर किंमत तिनेच मोजायची.

आपल्याकडे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानुसार न्यायाधीश समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात. ते जरूर व्हावे. माणूस बदलतच नाही, असे या परीक्षांनी म्हटलेले नाही. वर्गात हजेरी लावली म्हणजे स्वभाव बदलला असे नव्हे, एवढेच त्या सांगतात. म्हणून ‘आता तो सुधारलाय, जा घरी’ असे लेकीला सांगण्यापूर्वी थोडे थांबावे. त्याच्यावर पुढेही कुणाची नजर राहणार का, आणि तिला पुन्हा निघावेसे वाटले तर माहेरचे दार उघडे असेल का, याचा आधी विचार करावा. आणि तो सुधारला की नाही, हे त्याला नव्हे, तिला विचारावे. तेही तो जवळ नसताना.