घरचा मीडिया सर्व्हर: पार्ट निवडण्याआधी विचारा, अडतं कुठे?

नारायणगावात फडांच्या राहुट्या लागल्या की गावोगावचे पंच यात्रेची सुपारी द्यायला येतात. माझं पीएचडीचं फील्डवर्क याच राहुट्यांभोवती चालतं. दोन वर्षांपूर्वी एका वयस्कर ढोलकीवादकांची मी दोन तास मुलाखत घेतली. ती एकाच पोर्टेबल डिस्कवर होती. आंबेगावच्या पश्चिम भागात मुक्कामाला असताना फाइली हलवत होते. लॅपटॉपची बॅटरी आधीच मेलेली, त्यात लाईट गेली. परत आली तेव्हा डिस्क उघडेना. फोनवर सहज घेतलेला अकरा मिनिटांचा तुकडा तेवढा वाचला. त्या आजोबांना नंतर अर्धांगवायू झाला. ती मुलाखत आता पुन्हा होणार नाही.

त्यानंतर मी घरी एक छोटा मीडिया सर्व्हर उभा केला. म्हणजे कायम चालू असणारा एक संगणक. त्यावर सगळं ऑडिओ-व्हिडिओ ठेवायचं आणि घरातल्या टीव्हीवर, फोनवर, लॅपटॉपवर बघायचं. त्यासाठी जेलिफिन नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. बजेट ठरवलं एका महिन्याच्या जेआरएफएवढं, म्हणजे ३७,००० रुपये. हे सांगितलं की बहुतेक मित्र पहिला प्रश्न विचारतात, "प्रोसेसर कुठला घेतलास?" खरं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. का, ते सांगते. तुमच्या संशोधनाच्या आराखड्यालाही हेच लागू पडतं.

खोडदचा धडा

नारायणगावाजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. जवळपास निम्म्या मधल्या भागात दाटीने आणि बाकीच्या तीन दिशांना पसरलेल्या. या सगळ्यांकडून येणारे संकेत एकत्र करायचं काम पूर्वी खास बनवलेलं हार्डवेअर करायचं. २०१० मध्ये तिथल्या संशोधकांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात हेच काम बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांवर, ४८ लिनक्स संगणकांच्या जाळ्यावर करून दाखवलं होतं.

आकडे बघा. ३२ अँटेनांची सोय, प्रत्येकीचे दोन संकेत, म्हणजे ६४ संकेत. बँडविड्थ ३३ मेगाहर्ट्झ, म्हणून प्रत्येक संकेताचे सेकंदाला किमान ६ कोटी ६० लाख नमुने. एकूण सेकंदाला सुमारे ४२२ कोटी! हे सगळं थांबून करता येत नाही, येईल तसं करावं लागतं. म्हणून त्यांनी संगणकांमध्ये गिगाबिटची एक नाही तर दोन जोडण्या ठेवल्या, आणि गणित वेगाने व्हावं म्हणून प्रोग्राम बारकाईने घासून-पुसून घेतला. अडचण जिथे होती तिथे पैसा आणि मेहनत लावली.

आपण यातून काय घ्यायचं? ४८ संगणक नाही. घ्यायचा तो प्रश्न: माझ्या कामात अडतं कुठे?

आधी कागदावर हिशोब

माझा माल असा होता:

- कॅसेट: १२० नग, दीड तासाच्या. चांगल्या प्रतीच्या डब्ल्यूएव्ही फाइलला तासाला साधारण १ जीबी लागते. म्हणजे १८० जीबी.
- मिनिडीव्ही टेप: ४० नग, एकेक तासाच्या. तासाला १३ जीबी. म्हणजे ५२० जीबी.
- फोनवरचं व्हिडिओ: १०० तास, तासाला साडेसात जीबी धरून ७५० जीबी.
- मुलाखतींचा ऑडिओ: १५० तास, म्हणजे १५० जीबी.
- घरची लग्नं, बारशी, यात्रा: ३०० जीबी.

बेरीज १,९०० जीबी, म्हणजे जवळजवळ २ टीबी. पीएचडी संपेपर्यंत दुप्पट होईल असं धरलं, म्हणून ४ टीबी. "मोठीच घेऊन टाकू" म्हणत ८ टीबी घेतली असती, तर दुसऱ्या प्रतीसाठी पैसेच उरले नसते.

आता वेग. फुल एचडी व्हिडिओ बघायला सेकंदाला साधारण ८ मेगाबिट लागतात. घरात एकाच वेळी तीन ठिकाणी बघितलं तरी २४. साध्या गिगाबिट वायरची क्षमता १,००० आहे. एक साधी हार्ड डिस्कही याच्या कितीतरी पट वेगाने वाचते. म्हणजे माझं नेटवर्कवर अडत नाही आणि डिस्कच्या वेगावरही अडत नाही.

मग प्रोसेसरवर अडतं का?

एकाच वेळी अडतं: फाइल ज्या स्वरूपात आहे ते टीव्हीला समजत नाही तेव्हा. मग सर्व्हरला चालू व्हिडिओचं रूपांतर करत बसावं लागतं. उदाहरणार्थ, नवे फोन एच.२६५ मध्ये चित्रण करतात आणि जुन्या टीव्हीला ते कळत नाही. मिनिडीव्हीचंही तेच.

यावर महागडा प्रोसेसर हा एक उपाय. दुसरा फुकटचा: रात्री लावून ठेवा आणि प्रत्येक फाइलची एच.२६४ मध्ये एक हलकी प्रत एकदाच करून घ्या. मूळ फाइल ही जतनाची प्रत, तिला हात लावायचा नाही. हलकी ती बघण्याची प्रत. अभिलेखागारांमध्येही असाच भेद करतात.

म्हणून मी ऑफिसातून निघालेला, रिफर्बिश्ड, आठव्या पिढीचा इंटेल आय५ घेतला, ८ जीबी रॅमसह. त्याच्या आतच व्हिडिओ रूपांतराची वेगळी सोय असते, त्यामुळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. पुस्तकाएवढा मिनी पीसी दिसायला छान, पण त्यात साडेतीन इंची डिस्क बसत नाही. म्हणून 'एसएफएफ' आकाराचा घेतला. रास्पबेरी पायचाही विचार केला होता. पण पाय ५ मध्ये व्हिडिओ रूपांतराचं हार्डवेअर नाही आणि मोठ्या डिस्क यूएसबीवर लटकवाव्या लागतात.

एक जुना भलाथोरला सर्व्हर जवळजवळ फुकट मिळत होता. तो नाकारला. तो ८० वॅट खाणार, म्हणजे वर्षाला ७०० युनिट. माझा बहुतेक वेळ २० वॅटच्या आसपास असतो, म्हणजे १७५ युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर वर्षाला ४,२०० रुपयांचा फरक. फुकटची वस्तू अशी महाग पडते.

माझं अडलं ते इथे

वीज आणि एकच प्रत. सुरुवातीची गोष्ट आठवा, तिथे प्रोसेसरचा काही दोष नव्हता.

डिस्क घेताना 'सीएमआर' प्रकारची आहे ना, हे बघून घ्या. 'एसएमआर' स्वस्त असते, पण सलग मोठं लिहिताना रखडते. दोन डिस्क रेडमध्ये जोडल्या की बॅकअप झाला, असं समजू नका. रेडमध्ये चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकाच क्षणी पुसली जाते. म्हणून मी एक ४ टीबी डिस्क सर्व्हरमध्ये ठेवली आणि तेवढीच दुसरी पुण्याच्या हॉस्टेलवर. दर महिन्याला ती घरी आणून भरते आणि परत नेते. जुन्या २ टीबी डिस्कवर फक्त मुलाखती आणि टेपच्या मूळ फाइली. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी, असा नियम आहे. मी दुसऱ्या अटीत थोडी कमी पडते, कारण माझ्या तिन्ही डिस्कच आहेत.

विजेसाठी ६०० व्हीएचा यूपीएस. सर्व्हर आणि राउटर मिळून भार इतका कमी की अर्धा तास सहज निघतो. यूपीएसला यूएसबीचं पोर्ट आहे का ते बघा. असेल तर बॅटरी संपत आली की सर्व्हर स्वतःहून नीट बंद होतो. बायोसमध्ये 'वीज आल्यावर चालू हो' हे लावून ठेवा. नाहीतर तुम्ही पुण्यात आणि सर्व्हर गावी बंद. आणि डब्याचं पत्र्याचं झाकण लावलेलं असू द्या. संगणक स्वतःही रेडिओ लहरी सोडतो, आणि इथे शेजारी दुर्बीण आहे!

शेवटी वाटणी अशी झाली: निम्म्याहून जास्त पैसा डिस्कवर, साधारण एक तृतीयांश संगणकावर, उरलेला यूपीएस आणि वायरींवर.

विकत न मिळणाऱ्या दोन गोष्टी

पहिली, तपासणी. प्रत्येक मूळ फाइलचा चेकसम काढून यादी ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा काढा आणि ताडून बघा. आणि दूरच्या डिस्कवरून एखादी फाइल खरोखर उघडून बघा. जो बॅकअप कधी उघडून पाहिला नाही, त्यावर भरवसा ठेवू नका.

दुसरी, परवानगी. घरचं लग्न आणि एका कलावंत बाईंनी विश्वासाने सांगितलेली कहाणी एकाच यादीत टीव्हीवर दिसता कामा नये. जेलिफिनमध्ये वेगवेगळ्या लायब्ररी आणि वेगवेगळी खाती करता येतात. मुलाखतींची लायब्ररी माझ्या खात्यापुरतीच आहे.

मागच्या महिन्यात त्या ढोलकीवादक आजोबांची नात घरी आली होती. तिला ती अकरा मिनिटं टीव्हीवर लावून दाखवली आणि पेनड्राइव्हवर घालून दिली. तिने विचारलं, "ताई, पुढचं कुठंय?" मी खरं ते सांगितलं.

तुम्ही फील्डवर्कला निघायच्या आधी एका कागदावर चार ओळी लिहा: किती माल येणार, त्यातला पुन्हा न मिळणारा कोणता, अडेल कुठे, आणि दुसरी प्रत कुणाकडे राहील. चौथी ओळ कोरी राहिली तर दुकानात जाऊ नका, आधी ती भरा.