शोळिंगनल्लूरमध्ये नकाशा शिकवताना

वर्गाबाहेरची जमीन

चेन्नईत ज्याला सगळे ‘ओएमआर’ म्हणतात, तो जुना महाबलीपुरम रस्ता शोळिंगनल्लूरमधून जातो. पूर्वेला बकिंगहॅम कालवा, वायव्येला पळ्ळिकरणैची पाणथळ आणि मधल्या पट्ट्यात आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती. याच रस्त्यावर सत्यभामा विद्यापीठ आहे आणि तिथे सुदूर संवेदन व भूमाहितीशास्त्राचं केंद्रही आहे. हे विषय शिकवायला याहून सोयीची जागा सापडणं अवघड, असं माझं मत. उपग्रहाचं चित्र पडद्यावर लावायचं आणि त्यातली जागा पाहायला विद्यार्थ्यांना दुपारी तिथेच घेऊन जायचं, हे इथे खरोखर जमतं.

भूस्थानिक तंत्रज्ञान म्हणजे ढोबळमानाने तीन गोष्टी: उपग्रह किंवा ड्रोनने टिपलेली चित्रं, जीपीएससारखी स्थाननिश्चितीची साधनं, आणि ही सगळी माहिती थरांवर थर रचून तपासणारी जीआयएस प्रणाली. सॉफ्टवेअर चालवायला महिनाभरात येतं. क्यूजीआयएस तर फुकट मिळतं. प्राध्यापकाची खरी गरज लागते ती पडद्यावर दिसतंय त्यावर किती विश्वास ठेवायचा, हे शिकवायला.

साखळीपासून उपग्रहापर्यंत

या विषयाचा इतिहास इथल्या विद्यार्थ्याला पुस्तकात शोधावा लागत नाही. कंपनी सरकारने १७९४ मध्ये मद्रासला सर्वेक्षण शाळा काढली. तिचंच पुढे गिंडीचं अभियांत्रिकी महाविद्यालय झालं. १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्टनने सेंट थॉमस माउंटजवळ आपल्या त्रिकोणमितीय महासर्वेक्षणाची पहिली आधाररेषा मोजायला घेतली. ती दक्षिणेला पेरुंबाक्कमच्या टेकडीपर्यंत जाते, म्हणजे शोळिंगनल्लूरच्या शेजारीच. लांबी सुमारे साडेसात मैल. शंभर फुटी पोलादी साखळी जवळपास चारशे वेळा मांडून ती मोजली. या मोजमापाचं दुसरं टोक आपल्याकडे आहे: काम करता करता उत्तरेकडे सरकलेला लॅम्टन १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला.

हा इतिहास रोजच्या कामातही आडवा येतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट या लंबगोलावर बेतलेले आहेत, तर जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वापरतं. रूपांतर न करता एकावर एक ठेवले तर विहीर शंभर मीटरांहून जास्त सरकते. त्यात मुंबई-पुण्याहून आलेल्यांना आणखी एक ठेच लागते. तिकडे यूटीएमचा ४३वा पट्टा, चेन्नईला ४४वा. (नागपूरकरांना ही अडचण नाही, तेही ४४व्यातच.)

ढगांआडचं पाणी

चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. डिसेंबर २०१५ मध्ये शहर बुडालं तेव्हा काय झालं हे वरून पाहायचं तर ढग आड येतात. सेंटिनेल-२ किंवा आपला रिसोर्ससॅट हे उपग्रह डोळ्यासारखे पाहतात. ढगांखालचं त्यांना दिसत नाही. म्हणून सेंटिनेल-१ची रडार चित्रं घेतात. रडारच्या लहरी ढगांतून पार होतात. संथ पाण्यावरून त्या पलीकडे परावर्तित होतात, त्यामुळे पाणी काळं दिसतं. इथवर सोपं.

पळ्ळिकरणै मात्र इतकं सरळ नाही. बोरू, लव्हाळे यांच्या दाटीतलं पाणी काळं दिसत नाही, उलट उजळ दिसतं, कारण लहर पाण्यावर आणि मग देठांवर आपटून माघारी येते. इमारतींमधल्या तुंबलेल्या रस्त्यांचंही असंच काही होतं. काळ्या रंगावर आंधळेपणाने बोट ठेवणारा विद्यार्थी भरलेली पाणथळ कोरडी म्हणून दाखवतो, आणि कोरडं डांबर गुळगुळीत असल्यामुळे तेच पाणी म्हणून दाखवू शकतो. या पाणथळीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तिची हद्द कुठवर, यावर वाद होतात, आणि तशा वादात असला नकाशा पुरावा म्हणून पुढे ठेवणं धोक्याचं ठरतं.

सपाटीचा घोळ

दुसरी अडचण उंचीची. इथली जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर वर. पाणथळीचं पाणी ओक्कियम मडुवूतून बकिंगहॅम कालव्यात आणि तिथून दक्षिणेला कोवळमच्या खाडीकडे जातं. हा मार्ग उंचीच्या आकड्यांवरून काढायचा म्हटलं तर फुकट मिळणाऱ्या एसआरटीएममध्ये, म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून मोजलेल्या माहितीत, चूकच काही मीटरांची असते. उतारापेक्षा चूक मोठी. शिवाय तिच्यात छपरं आणि झाडांचे शेंडेही जमिनीच्या जागी मोजले गेलेत. सह्याद्रीत तीच माहिती छान चालते, इथे पाणी उलटं वाहू लागतं. मग लायडारची माहिती मिळवा, नाहीतर लेव्हलिंगचं यंत्र खांद्यावर घेऊन निघा.

नोकरी कशी मिळते

अभियांत्रिकीकडून प्राध्यापकीकडे येणाऱ्याला एआयसीटीईच्या नियमांप्रमाणे बीई आणि एमई, दोन्हींपैकी एकात प्रथम श्रेणी लागते. भूगोल किंवा भूशास्त्राकडून आलात तर एमएस्सीनंतर नेट किंवा सेट. पीएचडी असेल तर उत्तमच. गेटमध्ये २०२२ पासून जिओमॅटिक्सची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. देहरादूनच्या आयआयआरएसचे दूरस्थ वर्गही घरबसल्या करता येतात.

केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्थांना नकाशे करण्यासाठी आधी परवानगी घेण्याची अट काढून टाकली. शिकलेल्या माणसांना खासगी कंपन्यांची मागणी वाढते आहे. माणसं शिकवून तयार करावीत आणि ती लगेच बाहेर जावीत, हे विद्यापीठाच्या प्राध्यापकाच्या वाट्याला येतंच.

बाकीचा वेळ जातो प्रकल्पांचे प्रस्ताव, प्रबंधांची तपासणी आणि जमिनीवरची पडताळणी यात. मराठी माणसाने इथे यायचं ठरवलं तर थोडी तमिळ शिकून यावं. तळ्याचं पाणी पूर्वी कुठून सुटायचं, कोणत्या सालात तिथे भराव पडला, हे उपग्रहाच्या चित्रातून अर्धवटच कळतं. उरलेलं काठावरच्या जुन्या माणसांना विचारावं लागतं, आणि ती इंग्रजीत बोलत नाहीत.