पडलेला पाऊस, मुरलेले पाणी

नगर तालुक्यातले हिवरे बाजार दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते. पर्जन्यमापकावर पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी पाहायची आणि मग कोणती पिके घ्यायची ते ठरवायचे, अशी तिथली रीत. पाऊस किती पडला हा त्या हिशेबातला पहिला आकडा. निर्णय होतो तो किती मुरले यावर. स्वतःचे संकेतस्थळ चालवणाऱ्यानेही भेटींची मोजणी याच शिस्तीने करावी, असे माझे ठाम मत आहे. बहुतेकजण पहिल्याच आकड्यावर थांबतात आणि त्यावरच खूश किंवा खट्टू होतात.

समजा, एखाद्या अभ्यासकाने नगरचा भुईकोट किल्ला आणि चांदबीबी महाल म्हणून ओळखली जाणारी सलाबत खानाची कबर यांवर संकेतस्थळ उभारले आहे. त्या स्थळाचा सर्व्हर आलेल्या प्रत्येक मागणीची एक ओळ लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, लिहितो: आयपी पत्ता, वेळ, मागितलेली फाइल, उत्तराचा क्रमांक, बहुधा आधीचे पान आणि ब्राउझरही. किल्ल्याच्या पानावर १२ छायाचित्रे असतील, तर एका वाचकामागे निदान १३ ओळी पडतात. म्हणजे ‘हिट’ १३, माणूस एक. त्यात शोधयंत्रांचे बॉट येऊन जातात. स्थळ वर्डप्रेसवर नसले तरी वर्डप्रेसचे लॉगिन पान मागणाऱ्या ओळी दिसतात. ती कुलपे चाचपणारी स्वयंचलित यंत्रणा असते. हे सारे चाळून टाकल्यावरही माणसे नेमकी मोजता येत नाहीत. मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच पत्त्याआड ठेवतात, त्यामुळे अकोल्यातला वाचक मुंबईचा किंवा पुण्याचा दिसू शकतो. फोनवर आणि कार्यालयातल्या संगणकावर वाचणारा एकच माणूस दोनदा मोजला जातो.

यावर कोणी म्हणेल, गुगल ॲनालिटिक्स तयार आलेख देते, मग लॉग कशाला चाळायचा? पण ती मोजणी पानातल्या स्क्रिप्टवर चालते. ज्याने स्क्रिप्ट अडवली तो वाचक आलेखात येतच नाही. नेहमीच्या मांडणीत ३० मिनिटे हालचाल नसली की भेट संपली असे धरले जाते. लांब लेख अर्ध्यावर ठेवून तासाभराने परतणाऱ्याच्या म्हणूनच दोन भेटी होतात. शिवाय १ जुलै २०२३ पासून जुन्या आवृत्तीची मोजणी थांबू लागली आणि नव्या आवृत्तीच्या व्याख्या वेगळ्या आहेत. त्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची थेट तुलना फसवी ठरते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हौसेने लिहिणाऱ्याने मोजावेच का? आकड्यांमागे धावून विषय निवडले, तर लेखन बिघडते हे खरे. पण मोजणीचा उपयोग वाट मोकळी करण्यासाठी आहे. ४०४ क्रमांकाची ओळ तुटलेला दुवा दाखवते. गुगलचे सर्च कन्सोल हे साधन कोणते शब्द टाइप करून लोक आले ते सांगते. त्याची गरज नगरच्याच उदाहरणातून कळते: ३१ मे २०२३ रोजी चोंडी गावात अहमदनगर जिल्ह्याच्या नामांतराची घोषणा झाली आणि २०२४ मध्ये अहिल्यानगर हे नाव अधिकृत झाले. आता शोधणारा अहमदनगर लिहील, अहिल्यानगर लिहील किंवा नुसते नगर. पानावर यांतले एकच नाव असेल, तर बाकीचे वाचक दाराशी पोहोचतीलच याची खात्री नाही. हे कळायला शोधशब्दच पाहावे लागतात.

वाचकावर पाळत ठेवायची नसेल, तर आयपी पत्त्याचा शेवटचा भाग पुसावा आणि ठरावीक दिवसांनी लॉग काढून टाकावा. वरच्या कामांना पूर्ण पत्ता लागतच नाही. सर्च कन्सोल १६ महिन्यांचीच माहिती ठेवते, म्हणून शोधशब्द दरमहा उतरवून घ्यावेत. महिन्यातून एकदा तुटलेले दुवे, शोधशब्द आणि शेवटपर्यंत वाचली गेलेली पाने एवढे तपासा, आणि त्यातून निदान एक दुरुस्ती करा. दुरुस्तीच होणार नसेल, तर मोजणी बंद केलेली बरी.