छोटी वाट, मोठे चढ: हॉर्न्सबीच्या ट्रेलवर जाण्याआधी

आपल्या गिरावीन, पेंडल हिल, टूंगॅबी भागात बऱ्याच घरांच्या गॅरेजमध्ये माउंटन बाइक उभी असते, आणि ती फार तर पार्कपर्यंत जाते. मुलं बारा-तेरा वर्षांची झाली की मात्र मागे लागतात, "बाबा, हॉर्न्सबीला जाऊया ना!" तुमच्या घरीही हा हट्ट सुरू असेल तर हे वाचा.

हॉर्न्सबी स्टेशनच्या पश्चिमेला ओल्ड मॅन्स व्हॅली आहे. तिथला ट्रेल सुमारे ६ किलोमीटरचा. एवढंच ना, असं वाटेल. पण सपाट रस्त्यावरचे २० किलोमीटर परवडले! इथे चढ संपतो न संपतो तोच उतार, उतार संपताच वळण आणि पुन्हा चढ. दम खायला जागाच मिळत नाही. ट्रेलच्या पाट्यांवरच्या खुणा मुलांना आधीच शिकवा: हिरवं वर्तुळ म्हणजे सोपं, निळा चौकोन मध्यम, काळा हिरा अवघड. हॉर्न्सबी नवशिक्यांसाठी नाही. ज्याला गवताच्या उतारावर ब्रेक सांभाळता येत नाही, त्याला इथे आणू नका, कितीही रडला तरी.

चढावर गिअर आधी हलका करायचा. चढ सुरू झाल्यावर जोर लावत गिअर बदलला की चेन कुरकुरते, कधी निसटते. सीटवरून उठू नका. पुढच्या टोकाकडे सरका आणि छाती हँडलकडे झुकवा. उभं राहिलं की मागच्या चाकावरचं वजन कमी होतं आणि ते मातीत फिरत राहतं. नाहीच जमलं तर उतरून ढकला. लाज कसली?

पडणं होतं ते बहुधा उतारावर. उतरताना वजन पुढे जातं, म्हणून पुढच्या ब्रेकची पकड सर्वांत जास्त. पण तो एकदम आवळला तर माणूस हँडलवरून पुढे. नुसता मागचा दाबला तर चाक घसरतं. दोन्ही एकेका बोटाने, हळूहळू, आणि वळणाच्या आधी. वळणात नव्हे. सीट खाली करा, दोन्ही पेडल एका पातळीत ठेवून उभे राहा, कंबर मागे न्या. नजर चाकापुढच्या दगडावर नको, पुढच्या वळणावर हवी. जिथे बघाल तिथेच सायकल जाते. इथे उजवा ब्रेक बहुतेक पुढच्या चाकाचा असतो, पण जुनी सायकल विकत घेतली असेल तर घरीच तपासा.

हेल्मेटबद्दल वाद नको. न्यू साउथ वेल्समध्ये १९९१ पासून ते सक्तीचं आहे.

पाऊस पडून गेला असेल तर जाऊ नका. ओल्या मातीत चाकांच्या चाकोऱ्या पडतात आणि वाळल्यावर त्याच पुढच्याला पाडतात. निघण्याआधी हॉर्न्सबी शायर कौन्सिलची सूचनाही पाहा. ट्रेनने जायचं तर स्ट्रॅथफील्डला गाडी बदला.

आणि फोनमध्ये 'इमर्जन्सी प्लस' ॲप ठेवा. झाडीत ०००ला फोन लावल्यावर "कुठे आहात?" याचं उत्तर ते देतं. पहिली फेरी मुलाच्या मागून मारा, म्हणजे तो पडला तर तुम्हाला दिसेल.